कठड्यावरची लाल खूण

जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. कोळसा खाणीला केंद्राची पर्यावरण मंजुरी मिळते तेव्हा अटींच्या लांबलचक यादीत एक अट जवळजवळ ठरलेली असते. परिसरातल्या जुन्या विहिरी आणि मुद्दाम घेतलेले पिझोमीटर, म्हणजे पातळी मोजायच्या अरुंद बोअर, यांचं जाळं तयार करायचं आणि वर्षातून या चार वेळा भूजलाची पातळी मोजायची. पावसाआधी, पावसात, पाऊस सरल्यावर आणि हिवाळ्यात. नोंदी ठेवायच्या, वर पाठवायच्या. मी चंद्रपूर जिल्ह्यात राहते, सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात झाली, आणि आता याच चार महिन्यांत खदानीभोवतालच्या गावांतल्या विहिरी मोजत फिरते. मला कोणी नेमलेलं नाही. अट खाणीवर आहे, माझ्यावर नाही. पण खाणीच्या नोंदी खाणीकडे असतात आणि गावाकडे असते ती फक्त आठवण. गावातल्या माणसांची आठवण खोटी नसते, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तारीख नसलेली आठवण कुठल्याही टेबलावर टिकत नाही, हेही मी पुरेसं पाहिलं आहे. म्हणून वही.

आधी हे पाणी कुठे आहे ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यातला कोळसा गोंडवन काळातल्या खडकांत आहे, 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीचा. सगळ्यात खाली तालचीर, त्यावर बराकार. कोळसा या बराकारात. त्याच्यावर कामठी वालुकाश्म, आणि वर काळी माती, नदीकाठी गाळ, पश्चिमेकडे सरकलं की बेसाल्ट. कामठीचा वालुकाश्म जाड्या कणांचा, तांबूस, सच्छिद्र. चंद्रपूर जिल्ह्यात भरवशाचं पाणी देणारा खडक कोणता असं विचारलं तर पहिलं नाव याचंच घ्यावं लागेल. म्हणजे जिथे कोळसा आहे तिथे बऱ्याच ठिकाणी त्याच्या डोक्यावर जिल्ह्यातला सगळ्यात चांगला जलधर, म्हणजे पाणी धरणारा थर, बसलेला आहे. कोळशापर्यंत पोचायचं तर पाण्यातूनच वाट काढावी लागते. खाण चालवणारा माणूस भला असो की बुरा, हे टळत नाही.

कोळसा इथे नवा नाही. वरोऱ्याची खाण एकोणिसाव्या शतकातली, वर्धा ते वरोरा रेल्वेफाटा त्या कोळशासाठीच आला, आणि 1906 साली ती खाण बंद झाली. पुढे बल्लारपूर, घुग्घुस. त्या भूमिगत खाणी होत्या. पाणी तिथेही उपसावंच लागे, पण वरची शेती वर राही. 1973 च्या राष्ट्रीयीकरणानंतर खुल्या खाणी वाढत गेल्या आणि मामला बदलला. खुल्या खाणीत कोळशावरचा सगळा खडक उचलून बाजूला टाकतात. तो खडक म्हणजेच विहिरींचं पाणी धरून ठेवणारा थर. त्याचे डोंगर आता वणीपासून राजुऱ्यापर्यंत दिसतात, आमच्याकडे त्यांना नुसतं ‘ओबी’ म्हणतात, ओव्हरबर्डनचं छोटं रूप. बाहेरगावचे पाहुणे एसटीच्या खिडकीतून बघून विचारतात, इकडे एवढ्या टेकड्या आहेत?

विहीर मोजण्याचं काम दिसायला सोपं आहे. टेप, टोकाला वजन, वही, पेन. पण एकेक गोष्ट चुकली की आकडा बिनकामाचा. सगळ्यात पहिलं काम म्हणजे खूण. कठड्यावर एका जागी लाल ऑइलपेंटने आडवी रेघ मारायची आणि कायम तिथूनच टेप सोडायचा. रेघ जमिनीपासून किती उंच आहे ते एकदा नीट मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं. समजा खुणेपासून पाण्यापर्यंत टेप 9.40 मीटर दाखवतो आणि खूण जमिनीपासून 0.85 मीटर उंच आहे, तर पाणी जमिनीखाली 8.55 मीटरवर आहे. पुढे ग्रामपंचायत कठडा दुरुस्त करते, वर विटांचे दोन थर चढतात, गवंडी खूण पुसून टाकतो, आणि पुढच्या वेळी पाणी न हलताही वीस सेंटिमीटर खाली गेलेलं दिसतं. त्यामुळे खूण एक कठड्यावर आणि दुसरी साक्षीला, जवळच्या न हलणाऱ्या दगडावर.

दुसरी गोष्ट मोटर. पंप चालू असताना किंवा नुकताच बंद झालेला असताना मोजलं तर ती विहिरीची पातळी नसते, उपशाची पातळी असते. शेतीच्या विजेचं वेळापत्रक फिरतं, कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून मी निघण्याआधी गावात फोन करून विचारते, ‘लाइन केव्हा येते?’ लाइन यायच्या आधी पोचायचं. रात्रपाळी असेल तर दुपार उलटल्यावर, म्हणजे रात्री उपसलेली विहीर पुन्हा भरलेली असते. मे महिन्यात चंद्रपुरातली दुपार काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. दुपट्टा ओला करून डोक्याला बांधायचा आणि जायचं.

विहिरीत वाकून पाहिलं की माणसाला बरंच वाचता येतं. मी ज्यांच्याकडे नेहमी जाते त्या एका म्हाताऱ्या कास्तकारांची विहीर अशीच आहे. सगळं गाव त्यांना आबाजी म्हणतं, मीही म्हणते. वरचे पंधरा-वीस फूट घडीव दगडांचं बांधकाम, तेही चुना न घालता. काठावर मोटेचं थारोळं अजून शाबूत आहे. बैलांची धाव होती तिथे आता कडुनिंबाचं झाड आहे. दगडी बांधकाम संपतं तिथे पिवळट मुरूम सुरू होतो, त्यात कुदळीचे वळ दिसतात. ही आबाजींच्या वडलांनी केलेली पहिली खोदाई. त्याखाली तांबूस वालुकाश्म, त्यात सुरुंगाच्या नळ्यांच्या अर्ध्या खाचा. ही खुद्द आबाजींनी कर्ज काढून केलेली दुसरी खोदाई. आणि तळाशी भिंतीत तीन काळी भोकं, मुलाने मारलेले आडवे बोअर. पारवे मुरुमाच्या कपारीत बसतात. दगडाच्या एका थरावर शेवाळाची वाळून करडी झालेली पट्टी आहे. आबाजी तिकडे काठी दाखवून म्हणाले होते, ‘माह्या बापाच्या वक्ती ह्या गोट्यापासी पानी राहे, मॅडम. दिवाळीले माही माय वाकून गुंड भरे.’

ती पट्टी मी मोजली. तारीख नाही तरी ती एक नोंदच आहे, आणि माझ्या वहीत आबाजींच्या विहिरीच्या पानावर सगळ्यात वर तीच लिहिलेली आहे, बाजूला ‘कुटुंबाच्या सांगण्यावरून’ असा शेरा मारून. हा शेरा मी मुद्दाम मारते. मोजलेलं आणि ऐकलेलं यांची सरमिसळ झाली की दोन्हीची किंमत जाते.

आता खाण पाणी कसं ओढते ते. वर्धेच्या रेतीत उन्हाळ्यात झिरा खणतात तो आठवा. टोंगळाभर खणलं की चारी बाजूंनी पाणी येऊन जमतं. बाया वाटीने ते उपसत राहतात आणि आजूबाजूची रेती कोरडी होत जाते, जवळची आधी, लांबची मागून. खुली खाण हा पन्नास-शंभर मीटर खोल झिरा आहे, आणि तो वीस-पंचवीस वर्षं, रात्रंदिवस, दिवाळीलाही न थांबता उपसला जातो. तळाशी डबक्यात पाणी गोळा होतं, तिथले पंप ते वर टाकतात, तिथून नाल्यात. खाणीच्या तोंडापाशी भूजलाची पातळी थेट तळापर्यंत उतरते आणि लांब जावं तशी हळूहळू वर येत जाते. जमिनीखाली असा एक मोठा उतरता खळगा तयार होतो. तो किती लांब पसरेल, हा खरा प्रश्न.

याचं उत्तर पर्यावरण आघात अहवालात एका आकड्याने दिलेलं असतं, प्रभाव त्रिज्या. ती काढायला बऱ्याचदा सिशार्टचं सूत्र वापरतात. 3000 गुणिले पातळीतली घट, गुणिले खडकाच्या पाझरक्षमतेचं वर्गमूळ. वर्गात मुलांना मी हे गणित करायला देत असे. खाणीने पातळी 60 मीटर उतरवली आणि पाझरक्षमता सेकंदाला 0.00001 मीटर धरली, तर त्रिज्या येते साधारण 570 मीटर. पाझरक्षमता दहापट धरा, म्हणजे एकच शून्य उडवा, त्रिज्या 1800 मीटर. आणि कामठी वालुकाश्मात एवढा फरक एकाच शिवारात सापडू शकतो. एका बोअरमध्ये भुसभुशीत जाडा वालुकाश्म, पलीकडच्या बोअरमध्ये मध्येच चिकणमातीचा पट्टा. त्यात वर्धा खोऱ्यातले खडक भ्रंशांनी तुकड्यातुकड्यांत चिरलेले आहेत. एखादा भ्रंश पाणी अडवतो, एखादा पाण्याला रस्ता करून देतो. सूत्रात यातलं काही नाही. सूत्रात काळसुद्धा नाही. खाण पहिल्या वर्षाची असो की विसाव्या, उत्तर तेच.

सूत्र निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. काहीच माहीत नसताना अंदाज बांधायला ते ठीक आहे. पण खाण सुरू होऊन दहा वर्षं झाल्यावरही कोणी त्याच त्रिज्येवर बोट ठेवून ‘तुमचं गाव बाहेर आहे’ म्हणत असेल, तर ते मला मान्य नाही. तोवर विहिरींनी स्वतः उत्तर दिलेलं असतं. फक्त ते कोणीतरी लिहून घ्यायला हवं होतं.

जनसुनावणीत हे फार टोचतं. 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे नव्या खाणीसाठी, आणि कधी विस्तारासाठीही, गावकऱ्यांची सुनावणी होते. मंडप पडतो, खुर्च्या येतात, पोलीस येतात, अहवालाचा मराठी गोषवारा वाचला जातो. मग माणसं उठतात. एक बाई माइक हातात घेऊन म्हणाल्या, ‘आमची इहीर फागणातच तळ दाखवून राह्यली, आधी अशी नोहती.’ त्यांना उत्तर मिळालं की अहवालानुसार परिसरातली पातळी सर्वसाधारण मर्यादेत आहे. दोघांपैकी कोणी मुद्दाम खोटं बोलत होतं असं मला त्या दिवशी वाटलं नाही. पण एका बाजूला चार रकान्यांचा तक्ता होता, शिक्का मारलेला, आणि दुसऱ्या बाजूला त्या बाईंचा आवाज. इतिवृत्तात तक्ता जसाच्या तसा जातो. आवाजाचं तिथे एक वाक्य होतं, ‘ग्रामस्थांनी पाण्याचा प्रश्न उपस्थित केला.’

तेव्हापासून मी असे तक्ते मिळतील तिथून मिळवते आणि त्यातल्या विहिरी शोधत जाते. अक्षांश-रेखांश दिलेले असतात, मोबाइलवर टाकले की रस्ता दिसतो. बहुतेक सापडतात. एका अहवालातली एक विहीर मात्र सापडेना. ठिकाण पुन्हा पुन्हा तपासलं, शेवटी गुरं चारणाऱ्या पोराला विचारलं. त्याने समोरच्या मातीच्या डोंगराकडे हात केला. विहीर ओबीखाली गेली होती, आणि तिच्यावरच्या ढिगावर बाभळी माझ्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. तक्त्यात तिच्यापुढे मे महिन्याचा आकडा होता, नोव्हेंबरचाही होता, दोन दशांशांपर्यंत. मला राग आला आणि आजही येतो. कुणीतरी खुर्चीत बसून तो आकडा लिहिला, आणि त्या आकड्याच्या जोरावर कुठल्या तरी गावाला ‘सर्वसाधारण’ ठरवलं गेलं. मी ही तफावत लेखी कळवली, पोच घेतली. पोच फाइलला लावलेली आहे.

पण विहीर खरी असली आणि आकडा खरा असला तरीही तक्ता दिशाभूल करू शकतो, हे समजायला मला वेळ लागला. साधी खोदलेली विहीर दहा-पंधरा मीटरची. ती वरचं पाणी धरते, पावसाळ्यात भरते, ऑगस्टमध्ये तिची पातळी बघून कोणालाही सगळं ठीक वाटेल. खाण ज्या खोल थरातून पाणी ओढते तिथे काय चाललंय ते या विहिरीला कदाचित बऱ्याच वर्षांनी कळेल. त्यासाठीच पिझोमीटर असतो. अरुंद बोअर, आत पाइप, आणि पाइपला जाळी फक्त ज्या थराची पातळी हवी आहे त्या थरापाशी. वर-खाली सिमेंटने बंद. त्यातला आकडा त्या एका थराचा. वरच्या थरात आणि खालच्या थरात असे दोन शेजारी शेजारी असले तर खालून पाणी सुटत चाललंय हे विहीर आटायच्या आधी दिसतं. भूजल उपशाबद्दलच्या 2020 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये खाणीतून पाणी उपसायला परवानगी देताना पिझोमीटर आणि त्यावर आपोआप नोंद करणारी यंत्रं यांचा उल्लेख आहे. चांगली गोष्ट आहे. माझं म्हणणं एवढंच की तो आकडा गावाच्या चावडीवरही लागावा. यंत्र तासातासाला मोजतं आणि गावाला वर्षभरात एकदाही कळत नाही, हे कसं?

आणखी एक गंमत नव्हे, त्रासच. खाणीतून उपसलेलं पाणी ज्या नाल्यात सोडतात त्या नाल्याकाठच्या विहिरी भर उन्हाळ्यात तुडुंब असतात. तक्त्यात अशा दोन-तीन विहिरी घातल्या की सरासरी छान दिसते. त्या विहिरीवरच्या बायांना विचारलं तर त्या वेगळंच सांगतात. पाणी आहे, पण वरण शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. भांड्याला पांढरा थर बसतो. पाण्यात क्षार वाढले की हे होणारच, त्याला प्रयोगशाळा नंतर लागते, आधी चूल सांगते. म्हणून मी विहिरी निवडताना नाल्यापासूनचं अंतर लिहिते आणि काठाच्या विहिरींचं पान वेगळं ठेवते.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण ती मांडली नाही तर वहीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. खदानीजवळची प्रत्येक आटलेली विहीर खदानीने आटवलेली नसते. आमच्याकडे आधी पऱ्हाटी आणि तूर, पावसाच्या भरवशावर. आता सोयाबीन निघालं की रब्बीचा हरभरा, ज्याला जमेल त्याचा गहू. बोअर घरटी झाले. पाऊस एखाद्या वर्षी दगा देतो. या सगळ्यांनीही पातळी उतरते. मग वेगळं कसं करायचं? एक तर खाणीपासून बऱ्याच लांबच्या, पण त्याच खडकातल्या, तशीच पिकं असलेल्या गावातल्या काही विहिरी तितक्याच काळजीने मोजायच्या. दुसरं, पावसाचा आकडा शेजारी लिहायचा. महावेधची, म्हणजे राज्याच्या स्वयंचलित हवामान नोंदीची, केंद्रं आता महसूल मंडळानुसार आहेत, त्यामुळे जिल्ह्याची सरासरी घेऊन बसायची गरज नाही. आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, मे महिन्याकडे बघून छाती पिटायची नाही. मेमध्ये विहिरी खाली जातातच. नोव्हेंबर बघायचा. पाऊस बरा झाला, पिकांचा उपसा अजून सुरू व्हायचाय, अशा वेळी विहीर गेल्या नोव्हेंबरच्या रेघेवर परत येते का? लांबच्या विहिरी आल्या आणि खदानीकडच्या नाही आल्या, आणि हे ओळीने काही वर्षं झालं, तर मग बोलायला जागा आहे. शेतकऱ्याचा पंप पिकाबरोबर थांबतो. खाणीचा थांबत नाही, आणि वहीत तो फरक नोव्हेंबरच्या रकान्यात उतरतो.

आमच्याकडे गावागावात सरकारच्याही निरीक्षण विहिरी आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 सालापासून काम करते आहे, कठड्यावर रंगवलेले त्यांचे क्रमांक तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या जुन्या नोंदी मिळाल्या तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. पण त्यांच्या विहिरी पाणलोटाची एकूण तब्येत कळावी म्हणून निवडलेल्या, खाणीच्या कडेपासून कोणत्या दिशेला किती घट झाली हे सांगण्यासाठी नाही. त्यासाठी खाणीपासून अर्धा किलोमीटर, एक, दोन, चार अशा अंतरांवर विहिरींची रांग लागते. ती रांग गावकऱ्यांनीच लावावी असं माझं मत होत गेलं.

पातळी खाली गेली की घरात काय होतं, हे मी बाहेरून बघत आले. विहीर आटते. मग घरधनी बोअर मारतो, दोनशे-अडीचशे फूट. पाणी लागतं, सगळे पेढे वाटतात. आमच्या जिल्ह्यात काही भागांत खोल पाण्यात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर 1.5, असं भारतीय मानक सांगतं. वर्गात हजेरी घेताना मला काही मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसायचे. मुली हसताना तोंडावर हात धरायच्या. त्या कोणत्या गावच्या, कोणत्या बोअरचं पाणी पितात, हे मी विचारायला लागले तेव्हा पाण्याची खोली हा नुसता भूगोलाचा विषय राहिला नाही. वरच्या विहिरीचं पाणी टिकलं असतं तर त्या घराने खालचं पाणी प्यायलंच नसतं. प्रत्येक ठिकाणी हे खाणीमुळेच झालं असा दावा मी करणार नाही. पण पातळी घसरणं आणि मुलीने तोंडावर हात धरणं यांच्यात किती थोडं अंतर आहे, ते मला दिसलं.

मोबदल्याचा हिशेब तर वेगळाच. कोळसाधारक क्षेत्र अधिनियम 1957 चा. जमीन संपादनाची अधिसूचना निघाली की ‘सेक्शन लागलं’ असं गावात म्हणतात, ते त्याच कायद्यातलं. ज्याची जमीन संपादनात जाते त्याच्या सातबारावरची विहीर, झाडं, घर, सगळं मोजून पैसे ठरतात. त्यातही भांडणं खूप, पण निदान मोजलं तरी जातं. धुऱ्यापलीकडच्या ज्या माणसाची जमीन गेली नाही, त्याची विहीर मात्र खाणीच्या खळग्यात येते. त्याच्या सातबारावर विहीर तशीच नोंदलेली राहते, पाण्यासकट. परिणाम झाला तर कंपनीने पर्यायी पाणी द्यावं, अशी अट मंजुरीत असते. पण परिणाम झाला हे सिद्ध कोणी करायचं? इथे पुन्हा वहीच लागते.

खाणीचं पाणी वाया जातं असंही सरसकट म्हणता येत नाही. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीला वेकोलिने, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने, खाणीतलं पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरलं. काही गावांना खाणीचं पाणी ओलितालाही मिळतं आणि तिथला कास्तकार खूश असतो. मी त्याला नावं ठेवणार नाही, भर उन्हाळ्यात शेतात पाणी आलं तर कोणाला नको आहे? फक्त ते पाणी खाण चालू आहे तोवर, नाल्याच्या किंवा पाइपच्या कडेला. विहिरीचं पाणी ज्याचं त्याच्या शेतात होतं.

यंदा एका अशा गावातून बोलावणं आलं जिथे सेक्शन नुकतंच लागलंय आणि खोदकामाला अजून अवकाश आहे. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती. आजवर जिथे जिथे गेले तिथे खाण आधी होती आणि वही नंतर आली, त्यामुळे ‘आधी किती होतं’ या प्रश्नाला आबाजींच्या शेवाळाच्या पट्टीखेरीज उत्तर नसायचं. इथे खाणीआधीचा आकडा मिळणार होता. ग्रामसभेत ठराव झाला. जलसुरक्षक, दोन बचत गटांच्या बाया आणि बारावीची चार पोरं, यांनी मोजायचं. सरपंच स्वतः टेप धरून शिकल्या. आकडे चावडीच्या फळ्यावर खडूने लिहायचे, वहीची झेरॉक्स दर वेळी तहसीलला देऊन पोच घ्यायची, आणि मोजताना मोबाइलवर टेपचा आणि खुणेचा फोटो काढायचा, तारखेसकट. विहिरी निवडताना गावच्या नकाशावर खाणीच्या नियोजित कडेपासून रेघा ओढल्या. नदीकडच्या अंगाला दोन जास्त घेतल्या. पोरांनी सुचवलं म्हणून शाळेचा हातपंपही घेतला, खोल थराची काहीतरी कल्पना यावी म्हणून. त्याचं डोकं उघडून टेप सोडायला मेकॅनिकला बोलवावं लागेल, ते ठरलं.

वाद झाला तो एकाच गोष्टीवर. गावाच्या पश्चिमेला एक विहीर मार्चपासून कोरडी असते. पोरं म्हणाली, ही यादीतून काढू, पाणीच नाही तर मोजायचं काय? मी नको म्हणाले, आणि त्याचं कारण फळ्यावर आकडे मांडून दाखवलं. पाच विहिरी धरा, जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली 6, 7, 8, 9 आणि 12 मीटर. सरासरी 8.4. पुढच्या वर्षी पहिल्या चारही विहिरी अर्धा अर्धा मीटर उतरल्या आणि बारा मीटरची आटली. आटलेली यादीतून काढली तर उरलेल्या चारांची सरासरी 8. म्हणजे एकही विहीर सुधारली नाही, एक तर मेली, आणि कागदावर पाणी चाळीस सेंटिमीटर वर आलं. तक्त्यातून विहिरी गुपचूप बदलल्या जातात तेव्हा नेमकं हेच होतं. आटलेलीच्या जागी पलीकडची पाणी असलेली विहीर येते आणि तक्ता दरवर्षी भरलेला दिसतो.

मागे बसलेल्या एका काकूंनी विचारलं, ‘मंग कोरड्या इहिरीसमोर लिवाचं काय?’ तिची तळापर्यंतची खोली लिहायची आणि पुढे ‘कोरडी’ असा शब्द, तारीख घालून. रकाना रिकामा सोडायचा नाही आणि विहीर बदलायची नाही. हे ठरावात घ्या, असं काकूच म्हणाल्या, आणि सचिवांनी ते कलम चार म्हणून घातलं.